जपानीत म्हटलं, लेकरू नाई

माय, काल रातभर मी झोपली नाई. परवाच्या रातीबी नाई. पोरगी बाजूले झोपली राह्यते आन मी तिच्या छातीवर हात ठेवून बसतो. हात वर येते, खाली जाते, मंग मले बरं वाटते. थोड्या येळानं वाटते का हात माह्याच श्वासानं हालून राह्यला असन, म्हनून मी माहा श्वास धरून पायतो. तिले ताप नाई, खोकला नाई, काई नाई. चांगला भात खाऊन झोपते. मले भेव याचं हाये का मी मोठ्या लोकाईसमोर तोंडानं म्हटलं, मले लेकरू नाई. आन थे बी आपल्या भाषेत नाई म्हटलं, जपानी भाषेत म्हटलं. आपल्या भाषेत म्हटलं असतं तं ज्याले समजाचं त्याले समजलं असतं का हे वरवरचं हाये, नजर लागू नये म्हनून हाये. जपानीतलं कोनी खरंच धरून बसलं तं मी काय करू.

तू म्हनशीन हे जपान कुठून आलं मधातच. तू गेली तवा आपल्या घरी टीव्ही बी नव्हता. मी आता गडचिरोलीत राह्यतो, एक खोली हाये किरायाची, मांगं बाभळीचं झाड हाये. पोरीचा बाप बोर माराच्या गाडीवर तेलंगनात गेला. पयले महिन्याले ये, मंग सनाले ये, आता फोनच बंद राह्यते. मी इथी एका दवाखान्यात आया होती. म्हाताऱ्याईले उचलनं, पुसनं, चादर बदलनं, मले त्याची किळस नाई. भाऊ ऊर्जानगरच्या बिजली कारखान्यात ठेकेदाराकडं कामाले हाये, कोयशाच्या पट्ट्यावर. त्यानंच कोनाकडून तरी आइकलं का जपानात म्हातारे लय झाले आन त्याईले उठवाले-बसवाले हात नाई. त्याईची भाषा आन सेवेचं काम शिकलं, परीक्षा पास झाली, का तिकडून बोलावनं येते. मी म्हटलं, भाऊ, मले आठवीत शाळेतून काढलं, दहावी म्या सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून केली, मले इंग्रजी वाचता येत नाई, आन जपानी कुठून येईन? थो म्हने, जपानी लोकाईले बी इंग्रजी येत नाई, तुमचं जमन. असा हाये थो अजून, तसाच. मंग म्या दवाखाना सोडला आन इथल्या जपानीच्या क्लासात नाव टाकलं.

आता तुले सांगतो थे भाषा कशी हाये, कारण इथी सांगाले कोनी नाई. क्लासातले बाकीचे वसतिगृहात राह्यतात, सांजच्याले एकमेकाईसंगं बोलतात. मी खोलीवर येतो आन भिंतीसंगं बोलतो. तुले सोपी गेली असती माय, खरं सांगतो. "वाताशि वा गोहान ओ ताबेमासु." वाताशि म्हंजे मी. गोहान म्हंजे भात. ताबेमासु म्हंजे खातो. मी भात खातो. पाय, जसं आपुन म्हनतो तसंच, खानं शेवटी. इंग्रजीत खानं मधातच येते आन भात मांगून, म्हनून शाळेत मले थे कधी जमलं नाई. इथी पयल्या दिवशी सेन्सेनं फळ्यावर हे वाक्य लिहिलं आन खाली आपलं वाक्य लिहिलं, एकाखाली एक शब्द बरोबर बसला, आन मले वाटलं का एवढ्या दूर समुद्राच्या पलीकडं कोनीतरी आपल्यावानीच तोंड हालवून राह्यलं. सेन्से म्हंजे मास्तरीन. आमची सेन्से नागपूरची हाये, तिकडं बरेच वर्षं राहून आली, थे आमच्यावानी बोलत नाई, पुस्तकावानी बोलते, पन आमचं सगळं समजते. मधातले वा आन ओ हे चिकटाचे शब्द, आपल्या ले आन चा आन त वानी. नो म्हंजे चा, ची, चं, सगळ्याले एकच. त्याईच्यात बाई-मानूस बोलन्यात फरक नाई, थो गेला आन थे गेली याले एकच शब्द. आज जातो आन उद्या जाईन यालेबी एकच. मी सेन्सेले म्हटलं, मंग समजते कसं का मानूस आज जाते का उद्या जाईन? थे म्हने, सोबत आज, उद्या असं लावायचं. भाताचं बी गोड हाये. गोहान म्हंजे भात आन गोहान म्हंजेच जेवन. पोळी खाल्ली तं त्याईले जेवल्यावानी वाटत नसन, आपल्या धानवाल्या लोकाईवानीच.

लिहाचं मातर कठीन हाये. तीन प्रकारचे अक्षरं हायेत. पयले हिरागाना, गोल गोल, चकलीवानी. त्याचा क्रम आ इ उ ए ओ, का कि कु के को, आपल्या बाराखडीवानी. सेन्से म्हने का हा क्रम फार पयले भिक्खू लोकाईसंगं आपल्याच इकडून गेला. आमच्या क्लासातले दोघं-तिघं एकदम ताठ बसले हे आइकून. दुसरे काताकाना, टोकदार, थे बाहेरच्या लोकाईच्या नावासाठी. माह्यं नाव त्याच्यात लिहितात. तिसरे कांजी, थे अक्षर नाई, चित्र हायेत. एक झाड काढलं तं झाड. दोन काढले तं बन. तीन काढले तं जंगल. भामरागडकडचा एक पोरगा हाये, घरी माडियात बोलते, त्यानं हात वर केला आन इचारलं, "सेन्से, आमच्या इकडच्यासाठी किती काढाचे?" सेन्से बी हासली. थो पोरगा म्हनते का पावसायात पर्लकोटा नदीले पूर आला का आमी तसेही परदेशातच राह्यतो, आता पासपोर्टवर जाऊ. एका कांजीत बाई आन लेकरू बाजूबाजूले काढाचं, त्याचा अर्थ होते आवडनं. मी चौकटीच्या पानावर थे पान भरून काढलं. त्याच पानाच्या मांगं तुले लिहून राह्यली.

त्याईच्यात जित्त्या वस्तूले हाये म्हनाचा शब्द येगळा आन निर्जीवले येगळा. खाट हाये, हंडा हाये, तं आरिमासु. मानूस हाये, मासा पोहून राह्यला, तं इमासु. तोच मासा कापून टोपलीत आला का आरिमासु. मी मनात म्हटलं, माय असती तं बाजारात घोळ घातला असता, मेलेल्या मरळीलेबी इमासु म्हटलं असतं, गिऱ्हाइकाले ताजी वाटाव म्हनून. घरून निंघताना त्याईचे लोक जातो म्हनत नाई, "इत्तेकिमासु" म्हनतात, म्हंजे जाऊन येतो. घरी आलं का "तादाइमा", आलो बरं का. घरातल्यानं म्हनाचं, "ओकाएरी". मी क्लासातून येतो, पोरगी घरवाल्या काकूकडं राह्यते, मी कुलूप काढून रिकाम्या खोलीले तादाइमा म्हनतो. एक दिवस पोरगी काकूच्या दारातून आइकत होती. तिनं इचारलं का कोनाशी बोलतेस. मी तिले सांगतलं. आता थे जिथी असन तिथून ओरडते, ओकाएरी. रस्त्यानं जानारे पायतात.

आन मंग एक दिवस नात्याचे शब्द आले. आपली माय म्हंजे हाहा. सगळा क्लास हासाले लागला, हाहाहा करून. सेन्सेनं हासू देलं, मंग म्हने, दुसऱ्याच्या आईला हाहा म्हनाचं नाई, तिले ओकासान म्हनाचं, मानानं. आपल्या घरच्याले लोकाईसमोर खालीच धराचं, दुसऱ्याच्याले वर. तिकडच्या बाया आपल्या लेकराची तारीफ लोकाईसमोर करत नाई. कोनी म्हटलं का तुमचा पोरगा हुशार, तं म्हनतात, नाई नाई, काई कामाचा नाई. सगळे पोरं-पोरी लिहून घेऊन राह्यले होते. माहा पेन थांबला. मले तू दिसली, टोपली घेऊन.

मले सगळं आठवते. भावाच्या पाठीवर तुहे दोन लेकरं गेले, एक सव्वा महिन्याचं, एक दात यायच्या आंधीचं. मंग मी झाली. तू मले सुपात ठेवलं आन उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सुईन मांगून आली, तिनं उचललं, म्हने, मले सापडलं, मह्यं हाये. तू तिले मूठभर कोंडा देला आन इकत घेतलं. नाव ठेवलं तेबी झाडून टाकाच्या वस्तूचं. हे सगळं सुईनीनंच मले सांगतलं, हासत हासत, माह्या कानाच्या पाळीले धरून, मी सात-आठ वर्षाची असन. मले वाईट नाई वाटलं. वाईट वाटाचं थे बाजारात. आपुन तलावावरून मासे घेऊन जातो, तू पुढं, मी मांगं, माह्या डोक्यावर झिंग्याची लायनी टोपली. कोनी बाई भाव करता करता इचारते, किती लेकरं बाई तुले? तू म्हनते, एकच पोरगा. आन मी तिथीच उभी हाओ. थे बाई माह्याकडं पायते, मंग हे कोन? तू म्हनते, "हे? हे उकिरड्यावरचं, आमच्या घरी जेवते."

एक दिवस मले राहवलं नाई. मी त्या बाईले म्हटलं, मी बी हाओ, मी इचीच पोरगी हाओ. तू मले तिथीच मारलं, मासे कापाच्या ओल्या हातानं, गालाले खवले चिकटले. घरी येईपर्यंत बोलली नाई. मी चुलीपाशी फुगून बसली. तू मरळीचा मधातला तुकडा, चरबीचा, जो बाबाले देत होती, थो माह्या ताटात टाकला. भाऊ म्हने, उकिरड्यावरच्याले मोठा तुकडा काऊन? तू त्याले म्हटलं, तू गप जेव. मंग माह्याकडं पाह्यलं बी नाई आन म्हटलं, "मी नाई म्हनतो म्हनून तू हायेस. तुले काय जाते आइकाले."

आन तुले आठवते का, याच गडचिरोलीच्या दवाखान्यात, तुह्ये डोये पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं, मी आठवीत. नर्सबाई कागद भरत होती. तिनं इचारलं, मुलं किती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होती आन मनातल्या मनात तुह्यं उत्तर म्हनून राह्यली होती, एकच पोरगा. तू म्हटलं, दोन. मी तुह्याकडं पाह्यलं. तू छताकडं पाहून राह्यली होती. पयल्यांदा तू मले मोजलं. मले एवढं बरं वाटलं माय, का मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. आन त्या आठवड्यातच तू गेली. आता डॉक्टर म्हनतीन कावीळ होती, पोटात उतरली होती. म्या आया म्हनून काम केलं, मले बी समजते. पन समजनं येगळं आन भेव येगळं. तवापासून मले कोनी लेकरं मोजाले लावलं का मी बोलनं दुसरीकडंच नेतो.

माह्यं पयलं लेकरू आठ दिवसात गेलं. दुसऱ्या खेपेले हे पोरगी झाली. तू नव्हती, सूप नव्हतं, सुईन बी मेली होती. दवाखान्यात जलमली, नर्सबाईनं कागदावर नाव इचारलं आन म्या येड्यावानी चांगलं नाव सांगतलं, फुलाचं. तिले ना उकिरडा देखवला, ना कोंडा देला. उघडीच हाये थे. म्हनून माह्यापाशी काय राह्यलं, नाई म्हनाले तोंडच राह्यलं. दवाखान्यात कोनाले सांगतलं नाई, क्लासात कोनाले सांगतलं नाई. सेन्सेले वाटते मी एकटी हाओ. एकटीच हाओ तसं पाह्यलं तं.

मंग मुलाखत झाली. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तिकडचे लोक आले, एक पांढऱ्या केसाची बाई, तिच्या बाजूले एक टायवाला, एक लिहून घेनारी पोरगी. थे बाई तिथल्या म्हाताऱ्याईच्या घराची मोठी हाये. सेन्सेनं आमच्याकडून सगळे सवाल पाठ करून घेतले होते, जपान काऊन, तब्येत कशी, वजन उचलता येते का. मी कंबरेत वाकली, नाव सांगतलं, कुठली सांगतलं. त्या बाईनं इचारलं का म्हाताऱ्या मानसानं आंघोळ नाई म्हटली तं काय करशीन. हे पाठ केलेलं नव्हतं. माह्यापाशी शब्द कमी होते, जेवढे होते तेवढ्यात सांगतलं. पयले पाय धुतो. गरम पानी. हळू. मंग इचारतो, बरं वाटते का? मंग हात. थे बाई मान हालवत होती. मंग चष्मा वर करून हासली आन इचारलं, लेकरं हायेत का. सगळं समजलं मले. जपानी भाषेतला पयला सवाल असन जो मले मनात आपल्या भाषेत करावा लागला नाई, सरळ समजला. आन उत्तर बी सरळ निंघालं. "इइए, इमासेन." नाई, नाई हायेत. त्या पोरीनं लिहून घेतलं. पदर नव्हता, ओढनी होती, थेच डोक्यावर ओढून घेतली, माह्याच हातानं, मले समजलं बी नाई. तवापासून मी रातीची पोरीच्या छातीवर हात ठेवून बसतो.

माह्यं नाव निंघालं. क्लासात पेढे वाटले. भावाले फोन केला तं थो रस्त्यावरच नाचला असन, मांगं कोयशाच्या गाड्याईचा आवाज येत होता. म्हने, बाई, तिकडून मले एक जपानी म्हातारा पार्सल पाठव, माह्या सुपरवायझरच्या जागेवर बसवतो. वैनीनं फोन घेतला आन रडली. त्याईले लेकरू नाई, माय. तुले ठाऊक नसन, तू गेल्यावर भावाचं लगन झालं. वैनी चांगली हाये. सुट्टीत आमी गेलो का थे पोरीचे केस इंचरत बसते, एक येनी घालते, सोडते, परत घालते.

शुक्रवारी सेन्से कागद घेऊन खोलीवर आली. मले आंधी सांगतलं असतं तं मी पोरीले काकूकडं ठेवलं असतं. पोरगी उंबरठ्यावर बसून मुरमुरे खाऊन राह्यली होती. तिनं सेन्सेले पाह्यलं आन मुठीतले मुरमुरे पुढं केले. सेन्सेनं एक घेतला. म्हने, ही कोणाची गं? मी म्हटलं, कोनाची नाई, अशीच येऊन बसते. काकू तिकडून भांडे घासत होती, थे म्हने, अशीच काऊन, हिचीच हाये, तोंड पाहा ना तिचं. पोरगी मुरमुरे खाऊन राह्यली. तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाई माय, तिले सवय झाली असन, मले झाली होती तशी.

सेन्से उभीच राह्यली. मंग म्हने, "तू मला त्यांच्यासमोर खोटं पाडलंस. का?" मी तिले सगळं सांगतलं. सूप, कोंडा, तुह्यं बाजारातलं, दवाखान्यातलं दोन. सांगता सांगता मले वाटत होतं का आता हे शिकलेली बाई म्हनन, कुठल्या जमान्यात राह्यता तुमी लोक. पन थे खाली चटईवर बसली, पोरीले जवळ घेतलं, बराच येळ तिच्या पायातली धूळ झटकत राह्यली. मंग म्हने, मला त्यांना खरं सांगावं लागेल, ते काय म्हणतील मला माहीत नाही, मी वचन देत नाही. मी म्हटलं, सांगा.

आता तुले एक गोष्ट सांगतो जे म्या सेन्सेले सांगतली नाई, भावाले नाई, काकूले नाई. थे गेली तवा मले हलकं वाटलं. शुक्रवारची सांज अशी गेली का काय सांगू. मी पोरीले आंघोळ घातली, पाय पयले धुतले, तिले इचारलं, बरं वाटते का, थे खिदळली. मी झिंगे घालून वांग्याची भाजी केली. मनात पक्कं होतं का आता थे लोक नाई म्हनतीन. खोटं बोलनारी बाई कोनाले पायजे. जाचं राहून जाईन, दवाखान्यात परत आया म्हनून लागीन, भावाले म्हनीन, त्याईनंच नाई म्हटलं, माहा काय दोस. कोनाले काई ठरवाचं राहनार नाई.

काल सकाळी सेन्सेचा फोन आला. तिनं तिकडं बोलनं केलं होतं. म्हने, त्या मोठ्या बाई आधी हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. मले वाटलं झालं. मंग सेन्से म्हने का त्या बाईच्या आत्याचं नाव सुते होतं. सुते म्हंजे टाकून देलेली. आत्याच्या आंधीचे लेकरं वाचले नव्हते, तं तिच्या मायनं तिले गावाच्या चौरस्त्यावर झाडाखाली ठेवलं आन शेजारनीनं उचलून आनून देलं. तिकडं बी पयले असं करत होते. थे आत्या लय म्हातारी होऊन मेली, त्या बाईनंच तिचं शेवटचं केलं. त्या बाईनं कागदावर लेकराच्या जागी सोताच्या हातानं एक लिहिलं आन म्हने, तिले सांगा, आमी मोजलं हाये, भेव नको, ये. पन पोरगी संगं आनता येत नाई, तसा नियम नाई. तीन वर्षं. रोज फोनवर चेहरा पाहू देतीन.

मी फोन ठेवला आन तिथीच बसून राह्यली. समुद्राच्या पलीकडच्या बाईनं तुह्यं बोलनं समजून घेतलं माय, जे मले सोताले समजाले एवढे वर्षं लागले. मले आनंद व्हावा का नाई? पन झालं असं का माह्यापाशी न जाचं जे एक कारन होतं थे तिनं काढून घेतलं. आता मले कोनी अडवून नाई राह्यलं. आता माह्यंच मले ठरवाचं हाये. आन त्या कागदावर एक लिहिलं हाये म्हनून मले कालची रात दुप्पट भेव वाटलं. आंधी नाई म्हटलं म्हनून भेव होतं, आता मोजलं म्हनून.

काकू म्हनते, बस्स झालं, भावाले फोन लाव, पोरगी त्याच्याकडं ठेव, सोन्यावानी ठेवतीन. बरोबर हाये तिचं. वैनी तिले शाळेत टाकन, तिच्या केसाले रिबिनी बांधन. त्याईच्या टाउनशिपच्या गेटापाशी बाग हाये, झुले हायेत, भाऊ ड्युटीवरून आला का नेईन. पोरगी आंधी रडन, मंग महिनाभरानं नाई रडनार. मी फोनवर दिसन, तिकडून तादाइमा म्हनन, थे ओकाएरी म्हनन, मंग कधीतरी म्हनाचं विसरन. लेकरं विसरतात, मी पाह्यलं हाये दवाखान्यात. मंग कोनी वैनीले इचारलं, किती लेकरं, तं वैनी म्हनन, एक. आन तिकडं कोनी मले इचारलं तं मी म्हनन, नाई. आन दोघीचंबी खरं राहीन.

पन जाचं बी मन हाये माय, हे बी खोटं नाई. त्या भाषेत मी येगळी बोलतो. हळू बोलतो, पूर्न बोलतो, कोनी मले मधात तोडत नाई. टीव्हीवर त्या बाईनं माह्यं म्हननं संपेपर्यंत वाट पाह्यली, असं माह्यासाठी कधी कोनी थांबलं नव्हतं. इथी राहून मी पोरीले काय देनार हाओ, बाभळीच्या मांगची हे खोली. तुले इचारलं असतं तं तू काय म्हटलं असतं, मी लय येळ इचार केला. तू पोरीच्या ताटात मोठा तुकडा टाकला असता आन मले म्हटलं असतं, गप जेव. याच्यापुढचं मले आइकू येत नाई.

आज रविवार हाये, दुपार. काकू झोपली हाये, पोरगी तिच्याजवळ. उद्या सेन्से कागद न्याले येईन. मी सकाळपासून भावाचा नंबर काढतो आन वाजाच्या आंधीच बंद करतो. हे पत्र तुले कुठून जाईन, टपालात टाकाची सोय नाई. दिव्याच्या फळीवर, देवाच्या फोटोमांगं ठेवून देतो. माह्या हातून आज बी फोन नाई लागला, तं ज्याच्या हाती हे पान पडन, काकू असो, सेन्से असो, कोनी असो, त्यानं माह्या भावाले फोन लावा. नंबर काकूपाशी हाये. त्याले म्हना, तुही बहिन पोरीचं इचारन, तवा लगेच हो म्हनू नको. थोडसं अडखळ, म्हंजे तेवढ्यात माह्यं मन कुठं हाये थे मले समजन. वैनीले बी सांग, एकदम फोन घेऊ नको. मी सोता लावत नाई, कारण मले ठाऊक हाये, माह्यं वाक्य पूर्न व्हाच्या आंधीच थो हो म्हनन.